पाणी पेटलं

आमच्याकडं ‘पाणी पेटलं’ म्हणलं की माणसं काठ्या शोधतात. टँकर गावात शिरला आणि हंड्यांच्या रांगेत कुणी मधीच घुसलं, किंवा वरच्या माणसानं रातोरात बंधाऱ्याची फळी काढली, की म्हणायचं पाणी पेटलं. बेंबळीत माझं उभं आयुष्य गेलं. १९७२ च्या दुष्काळात मी अकरा-बारा वर्षांचा होतो, आईच्या मागं खडीच्या कामावर जायचो. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, त्या उन्हाळ्यात आमची विहीर इतकी आटली की मी तिच्यात उतरून दहा वर्षांपूर्वी पडलेली कळशी वर काढली. त्यामुळं पाणी पेटतं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पण २०२२ च्या डिसेंबरात कोकणात, देवगड तालुक्यात, माझ्या लेकाच्या घरमालकानं रात्री दारात येऊन हाक दिली, “मास्तर, आज पाणी पेटलां हा. येतास काय?” आणि माझा लेक ताटावरून हसत उठला.

मी विचारलं, “कुणाकुणात लागलं?”

दोघंही माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

लेकाचं आधी सांगतो. त्यानं डी.एड. केलं आणि २०१० ला त्याला जिल्हा परिषदेची नोकरी लागली, ती सिंधुदुर्गात. शिक्षणसेवक म्हणून महिना तीन हजारावर गेला. आमच्या भागातली अशी कितीतरी पोरं कोकणातल्या शाळांवर आहेत. पहिली दोन-चार वर्षं दिवस मोजतात, मग जिल्हा बदलीचे फॉर्म भरतात, यादीत नाव येतंय का बघतात. आमचाही तसाच येणार असं मी धरून चाललो होतो. बारा वर्षं झाली. दिवाळीला यायचा, मे महिन्यात यायचा. येळवशीला मात्र कधी नाही.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर, धाराशिव आणि शेजारच्या सोलापूर, कर्नाटकाच्या पट्ट्याबाहेर हिचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळी माणसं रानात. कडब्याची कोप करायची, आत पांडव मांडायचे, चुन्यानं रंगवायचे. भज्जी, उंडे, आंबील. ज्याचं रान नाही त्यालाही कुणीतरी हाताला धरून नेतंच. संध्याकाळी कडब्याचा हेंडगा पेटवून पिकातून फिरवायचा, गव्हाला ऊब लागावी म्हणून. आमच्याकडं त्या दिवशी कलेक्टर सुट्टी देतात. कोकणात कशाला देतील? म्हणून लेक येत नव्हता, आणि दरवर्षी शेजारच्या बांधावरून कुणीतरी विचारायचंच, “मास्तर नाही आले व्हय औंदाबी?”

त्या वर्षी मी ठरवलं, आपणच जायचं. सण घेऊनच जायचं. घरची म्हणाली, मी रानातलं बघते, म्हशीचं कोण करणार, तुम्ही जा, आणि त्याला फॉर्म भरायला लावूनच या. खरं कारण हेच होतं, सण हे निमित्त. चार एकर रान आहे, माझे गुडघे गेलेत, एकुलता एक लेक समुद्राकाठी. ज्वारीचं पीठ, तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, चिंच आणि ताकाची बरणी अशी पिशवी घेऊन मी एसटीत बसलो. धाराशिव, सोलापूर, कोल्हापूर, पुढं फोंडा घाट. ताक कोल्हापुरातच आंबून वर आलं, शेजारच्या बाईच्या लुगड्यावर सांडलं, ते एक असो.

समुद्र मी साठी उलटल्यावर पहिल्यांदा पाहिला. कुणकेश्वराच्या देवळाला लाटा अगदी पायाशी येतात. मोठा आहे म्हणावं तर मोठा आहे. एवढं पाणी आणि प्यायला घोटभर नाही, हे बघून मला कौतुकापेक्षा रागच आला. पहिल्या रात्री झोप लागली नाही. समुद्राचा आवाज जमिनीतून आल्यासारखा येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमच्याकडं असाच आवाज आधी आला होता. दोनदा उठून अंगणात जाऊन उभा राहिलो. सूनबाई म्हणाली, “दादा, हे रोजचंच आहे, सवय होते.”

येळवशीच्या दिवशी लेक शाळेत गेला. नात आणि मी अंगणात जांभ्याचे पाच तुकडे मांडले, चुना लावला. पोरगी सहा वर्षांची, बोलणं निम्मं तिकडचं. “आबा, ह्ये कोण?” म्हणाली. मी म्हणलं, पांडव. “ते हंय कशाक इले?” आता काय सांगावं. सूनबाईनं भज्जी केली, आंबील केली. घरमालकाच्या घरी डबा दिला. त्यांनी रिकामा डबा परत पाठवताना त्यात कोकमं घालून दिली. लेक पाच वाजता आला, पांडवांच्या पाया पडला, जेवायला बसला, तोवर अंधार पडला होता. फॉर्मचं मी अजून काढलं नव्हतं. जेवण झाल्यावर काढायचं म्हणून मनात वाक्यं जुळवत होतो, तेवढ्यात ही हाक आली.

सुरूच्या बनातून वाट होती. पुढं घरमालक, खांद्यावर पाग. पाग म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाचे मणी ओवलेले. मागं लेक, त्याच्या हातात गुंडाळलेली गरी. गरी म्हणजे गळ. आता मला इथं एक कबूल केलं पाहिजे. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे, वडिलांपासून. आमच्या घरात मासा-मटण शिजत नाही. लेक मासे धरतो हे मला त्या वाटेवर, त्याच्या हातातली गरी बघून कळलं. त्यानंही काही सांगितलं नाही आणि मीही काही विचारलं नाही. वाळूचा आवाज तेवढा येत होता.

पुळणीवर आल्यावर घरमालक म्हणाले, “बॅटरी बंद करा आता.”

मी बंद केली. आधी काहीच दिसेना. अमावस्येचा अंधार आमच्या रानातही असतो, पण तिथं निदान कुठंतरी कुणाच्या तरी कोपीवर दिवा असतो. मग लांब एक लाट फुटली आणि फुटली तिथं निळी झाली. डावीकडून उजवीकडं जाळ पसरत जावा तशी. रॉकेलच्या स्टोव्हला हवा भरल्यावर पिवळी ज्योत जाऊन निळी येते ना, तो रंग. दुसरी फुटली. तिसरी. फुटली की पेटायची, पसरली की विझायची. शेवटचं पाणी सुळसुळत वाळूवर यायचं तेव्हा त्याच्या काठाला बारीक ठिणग्या असायच्या.

मी चपला काढून ओल्या वाळूत पाय ठेवला, तर पायाभोवती चांदणं उडालं. पाय उचलला, दुसरा ठेवला, तसंच. लहान पोरागत मी तिथल्या तिथं दहा-बारा पावलं नाचलो. साठीतला माणूस, धोतर खोचलेलं. लेक हसत होता. त्याचं ते हसणं मी फार दिवसांनी ऐकलं.

“जीव आहेत दादा,” तो म्हणाला. “नॉक्टिल्युका नाव. एका पेशीचा एक जीव. मोठ्यातला मोठा खसखशीच्या दाण्याएवढा. डिवचलं की उजेड देतो. लाटेनं हलला, माशानं हलवला, तुमच्या पायानं हलला, की पेटला. आपोआप नाही पेटत.”

मी ओंजळ भरून घेतली. स्थिर धरली तर साधं काळं पाणी. बोटं हलवली की ठिणग्या. काजव्याच्या पोटात असतो तसाच हा थंड जाळ, म्हणाला, दोन द्रव्यं एकत्र आली की उजेड होतो, ऊब काहीच नाही. २०२० च्या नोव्हेंबरात मुंबईत जुहूला आणि इकडं देवगडला अशा लाटा दिसल्या तेव्हा पेपरांत फोटो आले, माणसं गाड्या करून बघायला आली. लॉकडाऊनमुळं हवा स्वच्छ झाली म्हणून हे आलं, असंही बऱ्याच जणांनी पसरवलं. “तसं काही नाही,” लेक म्हणाला, “पावसाळा सरल्यावर थंडीत हे येतंच, आधीपासून येतंय. उलट जास्त येणं चांगलं नाही.”

मग त्यानं जे सांगितलं ते मी नीट लक्षात ठेवलंय, कारण ते शेतीचंच होतं. अरबी समुद्रातल्या या जातीच्या पोटात हिरवं बारीक शेवाळ जिवंत राहतं. दिवसा ते शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं आणि मालक बसून खातो. शिवाय बाहेर मिळेल तेही खातो. म्हणजे पोटात शेती आणि वर मजुरी, दोन्ही. हेल्गा गोम्स आणि जोकिम गोज या शास्त्रज्ञांनी २०१४ ला दाखवलं की समुद्राच्या पाण्यातला प्राणवायू कमी होतोय आणि अशा पाण्यात हा जीव बाकीच्यांपेक्षा जास्त फोफावतो. पूर्वी त्या जागी जे बारीक शेवाळ असायचं ते माशांच्या पुढच्या साखळीला अन्न होतं. याला खाणारे थोडे. रानात गाजरगवत माजलं की जनावराला तोंड घालायला जागा राहत नाही, तसं.

घरमालकांना शास्त्रज्ञ कोण ते ठाऊक नव्हतं, पण त्यांनी एका वाक्यात तेच सांगितलं. “जाळां पेटता, मासो पळता.” अंधाऱ्या रात्री माशाला जाळं दिसत नाही, हाच मच्छीमाराचा फायदा. पेटलेल्या पाण्यात जाळ्याचा दोरा न् दोरा उजळतो. पण त्याच पाण्यात मासाही लपत नाही. तेही त्यांनीच दाखवलं. गुडघाभर पाण्यात उभे राहून ते हलेनात, बोलेनात. मग हात करून म्हणाले, “बघा.” पाण्याखाली दहा-पंधरा उजेडाच्या रेघा एकाच वेळी सरसरत गेल्या, एकमेकींना समांतर, आणि एकदम वळल्या. तिफणीच्या काकऱ्या ओढाव्यात तशा. बोय मासा होता, थव्यानं काठाला आलेला. त्यांनी अंग पिळून पाग फेकला. हवेत दिसला नाही. पाण्यावर पडला तेव्हा मोठी परात पेटावी तसा गोल उमटला, आणि त्या गोलातून रेघा चहूकडं पळाल्या. ओढून काढला तर दोन. पुन्हा फेकला, एक. तिसऱ्यांदा नुसतं पाणी.

“बघितल्यात? सांगलंय मी,” म्हणाले. राग नव्हता. आमचा सोयाबीनचा भाव सांगताना आम्ही बोलतो तसा आवाज.

रात्री पाण्यात उभं राहणं मला नवं नाही. आमच्याकडं मोटारीला थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच असते. डिसेंबरात रात्री एक वाजता गव्हाला दारं धरायचं, पायाला थंडीचं भान राहत नाही, एका हातात खोरं, एका हातात बॅटरी, आणि डोळे सापावर. आमच्या पाण्यात उजेड दिसला तर तो सापाच्या अंगावर पडलेला बॅटरीचा. म्हणून असेल, मी पोटरीच्या पुढं काही गेलो नाही. लेक मात्र गरी फेकायला कमरेपर्यंत गेला. भरती चढत होती. मोठी लाट आली की तो पाठमोरा उडी मारून ती अंगावर घ्यायचा आणि त्याच्या कमरेभोवती, हातांभोवती निळं उसळायचं. चेहरा दिसत नव्हता, पाण्यातलं अंग तेवढं दिसत होतं. मी ओरडलो, “बास, मागं सर!” तो म्हणाला, “दादा, पवायला तुम्हीच शिकवलंय.” खरं होतं. पाठीला डालड्याचा डबा बांधून मीच त्याला आमच्या विहिरीत ढकललं होतं. पण विहिरीला चारी बाजूंनी काठ असतो.

तो बाहेर आला, गरीचं टोक वाळूत खोचलेल्या काठीला बांधून माझ्याजवळ बसला. कपडे निथळत होते. आता बोलायला हरकत नाही असं मला वाटलं.

“फॉर्म कवा भरायचा?” मी विचारलं.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “दादा, मी दोन वर्षं भरलाच नाही.”

“यादीत नाव आलं नाही म्हणत होतास की.”

“भरलाच नाही तर येईल कसं?”

मला काय काय बोलायचं होतं. बारा वर्षांत खर्चाचं, रानाचं, त्याच्या आईच्या डोळ्यांचं. त्यातलं बरंच बोललोही, ते इथं लिहीत नाही. आवाज चढला तेव्हा घरमालक पाग घेऊन हळूच लांब सरकले. लेक सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “अकरा पोरं आहेत शाळेत. मी गेलो तर दुसरा मास्तर येईलच असं नाही. पोरं पांगली की शाळा बंद. आणि खरं सांगू का, नुसतं पोरांसाठी नाही. मला इथं बरं वाटतं.” हे शेवटचं वाक्य तो समुद्राकडं बघून बोलला. पोरांचं कारण मी तोडलं असतं. बरं वाटतं म्हणल्यावर काय तोडायचं?

“रान कुणी बघायचं?”

“विकू नका. बटईनं द्या. मेला मी येतोच.”

मे महिन्यात रानात असतं काय, ढेकळं. पण मी ते बोललो नाही.

तेवढ्यात घरमालकांनी हाक मारली, त्यांचा पाग खडकात अडकला होता. लेक उठला, जाताना गरीचा दोरा काठीवरून सोडून माझ्या हातात दिला. नायलॉनचा दोरा, त्याला तंगूस म्हणतात. “नुसता धरा, ताण राहू द्या,” म्हणाला आणि पळाला.

मी धरला. डोक्यात तेच घोळत होतं. आणि दोऱ्याला झटका बसला. मग ओढ. बैल कासरा ओढतो ना, तशी नाही. जनावर ओढतं तेव्हा त्याचा विचार कळतो. ही ओढ आंधळी होती, डावीकडं, उजवीकडं. दोरा पाण्यात शिरत होता तिथं उजेडाची बारीक रेघ इकडून तिकडं कापत होती. मी दोरा सोडू शकलो असतो. माळकरी माणसानं सोडायलाच पाहिजे होता. पण पन्नास वर्षं कासरा धरलेला हात आहे, ओढ लागली की आवळतो. मी मागं सरत सरत ओढत राहिलो, श्वास लागला, आणि फुटलेल्या लाटेबरोबर तो वाळूवर आला. तडफडला की वाळू पेटायची. हातभर शिंगाळा होता.

“हात लावू नकात!” घरमालक लांबून ओरडले. “काटो मारता तो.”

लेक पळत आला. आधी मासा बघितला, मग माझा हात बघितला, दोऱ्यानं बोट कापलं होतं. मग माझ्याकडं बघितलं. त्याला वाटलं असावं मी आता काहीतरी बोलणार. तो वाकून गळ सोडवायला लागला, म्हणाला, “परत सोडतो दादा.”

मी म्हणलं, “राहू दे. पोरीला खाऊ दे.”

का म्हणलं, कुणास ठाऊक. घरी येऊन माळेला हात लावला आणि तसाच झोपलो. समुद्राच्या आवाजानं त्या रात्री जाग आली नाही.

सकाळी पुळणीवर गेलो तर पाणी रात्रीचं नव्हतंच. हिरवट, गढूळ, मेंदी कालवल्यासारखं, आणि थोडा कुबट वास. ज्यानं रात्र बघितली नाही त्याला कुणी सांगून पटणार नाही. नातीनं पाण्याच्या बाटलीत ते हिरवं पाणी भरून दिलं. “आजीक दाखव. काळोखात हलव,” म्हणाली. पिशवीत येताना ताक होतं, जाताना समुद्र.

फोंडा घाट चढला तेव्हा उजाडलेलं होतं, म्हणून बघता आलं नाही. सोलापूरच्या स्टँडवर रात्र झाली, मी शालीखाली बाटली घेऊन हलवली. काही नाही. शेजारी बसलेला पोरगा माझ्याकडं संशयानं बघायला लागला.

बेंबळीत पोचलो तेव्हा घरची जागीच होती. येळवस नीट झाली, म्हणाली, कोप वाऱ्यानं थोडी झुकली, हेंडगा पुतण्यानं फिरवला. मी तिला सगळं सांगितलं, लाटा, वाळू, घरमालक, पाच पांडव. शिंगाळ्याचं नाही सांगितलं. ते आज इथं पहिल्यांदा लिहितोय, आणि ती वाचत नाही. बाटली काढली. तिनं दिवा मालवला, पदराखाली धरून हलवली, डोळे बारीक करून बघितलं.

“काय दिसंना की,” म्हणाली. “वास मात्र येतोय.”

“थांब जरा,” मी म्हणलं.

तिनं पुन्हा हलवली. मग अंधारातच विचारलं, “फॉर्म भरला का त्यानं?”

मी तिच्या हातातून बाटली घेतली आणि हलवायला लागलो.